तक्रार घरच्याच माणसाची

३ फेब्रुवारी
पद्मा सुट्टी झाल्यावर थांबली. बाकी बायका गेल्या तरी मशीनपाशीच उभी. मग म्हणाली, "वैनी, मला गोदामात पाठवू नका." का, म्हणून विचारलं तर रडायलाच लागली. दादा कापडाचे तागे आणायला पाठवतात, मागनं येतात आणि दार लावून घेतात. लय वेळा झालं म्हणाली.
दादा म्हणजे माझे थोरले दीर, राजवर्धन. आमच्या शिलाई युनिटचे सुपरवायझर. युनिट माझं, पण शेडची जागा त्यांच्या नावावर.
तिला म्हटलं, उद्यापासून गोदामात दुसरी कुणी जाईल.
"मग तिच्या मागं जातील," ती म्हणाली.


४ फेब्रुवारी
साताऱ्याला जाऊन आले. घरी सांगितलं, दोऱ्याची रिळं आणायची आहेत. वकीलबाई भार्गवी म्हणाल्या, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की तक्रार समिती लागतेच. आमच्याकडे तीसेक बायका – आणि समिती नाही! "मालक तुम्ही. दीर असो नाहीतर आणखी कुणी, जबाबदारी तुमची."
आपसात मिटवता येईल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "ते पद्मानं ठरवायचं. तुम्ही नाही."


५ फेब्रुवारी
यांना फोन लागत नाही. फौजेतलं पोस्टिंग, तेही बर्फात. कुणाला सांगू?

७ फेब्रुवारी
समिती केली. बनुबाई सगळ्यात जुनी, ती अध्यक्ष. बाहेरच्या सदस्य कराडच्या एका संस्थेतल्या. पद्मानं लेखी तक्रार दिली. दादांना सांगायचं काम माझं.
ते शेडच्या दारात गाडीवर बसले होते. कसंबसं म्हटलं – चौकशी होईपर्यंत तुम्ही आत येऊ नका.
ते हसले. "जागा कुणाची हाय, इसरलीस व्हय?"
आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

८ फेब्रुवारी
जेवताना सासूबाई – "घरातलं चव्हाट्यावर आणलंस." दादा माझ्याकडे बघत सावकाश जेवत होते. त्यांची बायको, राजेश्वरी अक्का, चुलीपुढं भाकरी थापत होती. वर बघितलंच नाही तिनं. तिचा संसार मोडायला निघाले का मी? झोपताना दाराला आतून पेटी लावली.

१० फेब्रुवारी
शेडला कुलूप. दादांनीच घातलं. बायका रस्त्यावर उभ्या. मला वाटलं, संपलं सगळं. बनुबाई म्हणाली, "आमी समाजमंदिरात बसतो. चौकशी काय शेडातच व्हावी असं हाय का?"
तिथं बसली समिती. पद्मानंतर आणखी दोघी आपणहून जबाब द्यायला आत गेल्या. बाहेर दादांची गाडी चकरा मारत होती.

११ फेब्रुवारी
यांचा फोन आला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "जपून राहा." कुणापासून, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी
दादा शेतात गेल्यावर अक्का परसात आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "संयोगिता, मला कामावर घे. पगार नको. नुसतं हजेरीला नाव लाव."
का हो अक्का, म्हटलं.
"कामावरच्या बायांचीच तक्रार घेत्यात न्हवं?"