पद्मामावशी येण्याआधी

साखरा, ता. सेनगाव,
जि. हिंगोली
१२ डिसेंबर २०२४

प्रिय पद्मामावशी,

नमस्कार. टोरांटोच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? इकडेही यंदा थंडी बरी पडली आहे. तुरीला शेंगा भरल्यात, आई रोज ओंजळभर सोलून भाजीत टाकते. माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे. मागच्या महिन्यात बाळंतपणाच्या वॉर्डात ड्युटी होती. एक मुलगी अगदी माझ्या हातांत जन्मली. तिच्या आजीने मला पेढा भरवला.

माझ्या शिक्षणाचे पैसे तुम्ही ज्या संस्थेतून पाठवता, तिच्यामार्फत हे पत्र येणार नाही. तुम्ही स्वेटर पाठवला होता त्या खोक्यावर तुमचा पत्ता होता, तो मी ठेवला होता. संस्थेत आमची पत्रं आधी वाचतात, म्हणून हे मी सेनगावच्या पोस्टात स्वतः टाकणार आहे.

तुम्ही जानेवारीत येणार, हे हरीशसरांनी सांगितलं. ते संस्थेचे आमच्या भागातले माणूस. नऊ वर्षांपूर्वी मी पाचवीत असताना माझा मदतीचा फॉर्म त्यांनीच भरला होता. रविवारी ते घरी आले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "संगिताबाई, मागच्यासारखंच करायचं बरं का. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

मागच्यासारखं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नाही. ते लिहायचं म्हणून मी चार दिवस वही उघडते आणि मिटते आहे.

माझे वडील जिवंत आहेत.

सोनाजी त्यांचं नाव. गवंडीकाम करतात. फॉर्म भरला तेव्हा ते पुण्याकडे बांधकामावर गेले होते. बाप नसलेल्या पोरीला मदत लवकर मिळते, नुसती कागदावरची गोष्ट आहे, असं हरीशसरांनी आईला सांगितलं. आईने सही केली. बाबा होळीला घरी आले तेव्हा त्यांना कळलं. आधी ते हसले. मग बराच वेळ घराबाहेर बसून राहिले.

मी आठवीत असताना तुम्ही आलात. त्या सकाळी आईने कुंकू पुसलं आणि मंगळसूत्र पिठाच्या डब्यात ठेवलं. बाबांना शेताकडे पाठवलं होतं, पण तुमची गाडी नाल्याजवळ चिखलात रुतली आणि ती ढकलायला नेमके तेच धावले. गाडीसोबत घरापर्यंत आले. तुम्ही विचारलंत, "हे कोण?" हरीशसर म्हणाले, "शेजारचे." मी तिथंच उभी होते. मग तुम्ही तुमचा फोन बाबांच्याच हातात दिलात. तुम्ही, आई आणि मी, असा आपला तो फोटो त्यांनी काढलेला आहे. त्यात माझी मान खाली का आहे, असं तुम्ही पत्रात विचारलं होतंत. ऊन डोळ्यांवर होतं, असं मी कळवलं. ऊन नव्हतं.

इथपर्यंतचं दुसऱ्यांवर ढकलता येईल. पुढचं माझं एकटीचं आहे. तुम्ही लिहिलंत की, तुमचे वडीलही तुम्ही अकरा वर्षांच्या असताना गेले, म्हणून यादीतून तुम्ही माझं नाव निवडलं. त्यावर मी उत्तर लिहिलं, "मलाही बाबांची फार आठवण येते." ते वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी कागद घेतला, एकेक अक्षर लावत वाचला आणि म्हणाले, "अक्षर बेस हाय तुझं."

त्या वाक्याची मी माफी मागते. तुमच्या दुःखाशी मी खोटं बोलले. बाकी कशाची मागणार नाही.

रविवारी मी हरीशसरांना म्हटलं, "या वेळी आई कुंकू पुसणार न्हाई."

"फाईल बंद होईल. तुझीच नाही, गावातल्या बाकी पोरींचीपण."

"मग त्यांच्यासाठी खरं लिहून मदत मागा. बाप असलेल्या पोरीला भूक लागत न्हाई का?"

ते चहाचा कप तसाच ठेवून गेले. बाबा मात्र माझ्यावरच चिडले. "काहून बोललीस? एकच साल राहिलं तुझं. मी जातो की दोन घंटे शेताकडं. मला काय तकलीफ हाय?"

"मला हाय, बाबा."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी म्हटलं, नका जेवू. मी आजारी माणसांची नाडी बघायला शिकले, आणि घरातल्या धडधाकट माणसाला मेलेला म्हणू? मग आईने त्यांच्यासमोर हरीशसरांना फोन लावला आणि सांगितलं, "आमचे हे घरीच राहतील. तुमाला जमत नसंल तर तुमी येऊ नका."

मावशी, बाप जिवंत असता तर तुम्ही मला निवडलं असतं का, हे मला माहीत नाही. नसतं निवडलं, तर तेही सरळ कळवा. मदत थांबवायची असेल तर थांबवा. शेवटचं वर्ष कसं काढायचं ते आम्ही तिघं बघू. तुमच्या मदतीने मी शिकले, हे मी कुणापुढेही सांगेन. पण त्यासाठी माझ्या आईने पुन्हा विधवा व्हायचं नाही.

आज सकाळी बाबांनीच गाडी काढली. "चल, पोस्ट बंद व्हायच्या आत." या शेवटच्या ओळी मी पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे. ते बाहेर हॉर्न वाजवून राहिलेत.

आलात, तर चहा ते स्वतः करणार म्हणतात. साखर जास्त टाकतात, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
पुनम सोनाजी गडदे