बरं, सांगतो

२ फेब्रुवारी

लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी पप्पांना फोन केला. वहिनीने तो त्यांच्या कानाशी धरला. मी पत्ता सांगितला — कापडाच्या गोदामामागची सहा मजली इमारत, मालाची लिफ्ट, मधेच अडकतेय. पलीकडून फोनवर नखाची टकटक. दोनदा. मग उतरले.

लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून हे चालू आहे. लिफ्टची केबिन डोक्यावर टांगलेली आणि तिच्याखाली आपण — स्विच बंद करून त्याला कितीही कुलपं लावली तरी ते डोक्यातून जात नाही. ‘प्रार्थना करा’ असं मी कधी म्हटलं नाही. मला जमत नाही ते. मी फक्त पत्ता सांगायचे. पप्पा म्हणायचे, “बरं, सांगतो.” कोणाला, ते दोघांनाही माहीत. जन्मभर प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक. लोकांचं वर सांगणं हे त्यांचं कामच. डिसेंबरात झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. तेव्हापासून ‘बरं, सांगतो’च्या जागी टकटक.

लिफ्टच्या तळाच्या चाकीत चिंधी अडकली होती. एवढंच.

३ फेब्रुवारी

घरात वाजलं.

डॉक्टरकाका संध्याकाळी दोन मेणबत्त्या घेऊन वर आले. काका म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त दातांचे डॉक्टर, पक्के कॅथलिक, पप्पांचे बुद्धिबळातले भिडू. पट मांडला की वादही मांडायचे — स्वर्गातल्या संतांना ‘आमच्यासाठी देवाला विनवा’ असं सांगावं की नाही. वर्षानुवर्षं. दोघांपैकी कोणी तसूभर हललं नाही. आई म्हणायची, “बुद्धिबळात निदान कोणीतरी हरतं.”

“आज आमच्या घशाच्या संताचा दिवस,” काका म्हणाले. “दात माझ्याकडे, घसा त्यांच्याकडे. हद्दी ठरलेल्या आहेत.” न पेटवलेल्या मेणबत्त्यांची त्यांनी फुली केली, पप्पांच्या हनुवटीखाली धरली आणि पुटपुटले. पप्पांचे डोळे मिटलेले. नेमका तेव्हाच दादा आला. आता मंडळी तोच सांभाळतो.

“काका, पप्पा बोलू शकत असते तर हे केलं असतंत?”

“बोलू शकत असता तर गरज काय होती?”

“त्यांच्या गप्प बसण्याचा फायदा घेताय तुम्ही.”

काकांचा चेहरा उतरला. मेणबत्त्या खिशात घालून ते गेले. दादा माझ्याकडे वळला, “आणि तू नुसती बघत होतीस!”

खरं आहे. मला बघायचंच होतं.

५ फेब्रुवारी

चहाला दादाला विचारलं, नेमकं चुकतं कुठे?

“देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच. तो असताना दुसऱ्याचं दार वाजवायचं म्हणजे त्याच्यावर भरवसा कमी.”

“मंडळीतले लोक रोज तुला फोन करतात, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून. तेव्हा मध्यस्थ दोन होत नाहीत?”

“मी जिवंत आहे.”

“म्हणजे अडचण मध्यस्थाची नाही. जिवंत असण्याची आहे.”

“तू वकील व्हायला हवं होतंस. लिफ्ट तरी सुटल्या असत्या.” मग हसू आवरून म्हणाला, “हे बघ, गेलेल्यांना आपलं ऐकू येतं असं आपल्याला कुठेही सांगितलेलं नाही. ते दार एकदा उघडलं की उद्या तू आईला सांगत बसशील. परवा देव राहील बाजूला.”

हा मुद्दा लहान नाही.

आई गेल्यापासून मी तिला एकदाही काही सांगितलेलं नाही. सुचलंच नाही.

७ फेब्रुवारी

काकांकडे गेले. एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते.

“काका, संत म्हणजे माणूसच ना? जगभरातून एकाच वेळी एवढ्या हाका. त्याला ऐकू कशा जातात?”

“स्वतःच्या कानांनी नाही. देव ऐकवतो.”

“मग देवालाच सरळ सांगा. मधली पायरी कशाला?”

“बापाचीच लेक! तोसुद्धा इथेच घोडा आणून उभा करायचा.” काकांनी प्यादं उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं. “उत्तरं आहेत गं. तुझ्या बापाला सगळी देऊन झालीत. खरं सांगू? मला एकट्याने मागवत नाही. चार जण बरोबर असले की मागायला तोंड होतं. त्यातले काही मेलेले आहेत, याचं मला एवढं वाटत नाही.”

हे उत्तर नव्हे. पण जिने चढताना तेच डोक्यात होतं.

लिफ्टने आले नाही. आमच्याच इमारतीची बंद आहे. शेजारी मला बघून हसतात.

९ फेब्रुवारी

दादाने निकाल लावला. सकाळी पप्पांना विचारलं, “पप्पा, काकांनी हे बंद करावं ना?” पप्पांनी पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक केली. दादा खाली जाऊन काकांना सांगून आला: पप्पांचीच इच्छा आहे, काही दिवस येऊ नका.

वहिनी म्हणाली, “नुसतं खेळायला आले असते तर?” दादालाही बरं वाटत नव्हतं.

पप्पा पाच वाजल्यापासून दाराकडे बघत होते. किंवा दाराच्या दिशेने.

१० फेब्रुवारी

कामावर मीटर बरोबर आहे का हे न तपासता मी त्यावरचं रीडिंग घेत नाही. इथे कोणीच तपासलं नव्हतं. मीसुद्धा.

दादा आणि वहिनीला समोर बसवलं. पप्पांचा डावा हात माझ्या हातात घेतला.

“पप्पा, मी तुमची मुलगी ना?” दोन टकटक.

“मी तुमची आजी ना?” दोन टकटक.

“आपण समुद्राच्या तळाशी राहतो ना?” दोन.

“दादाला घराबाहेर काढू?” दोन. जरा जोरातच.

वहिनीला हसू फुटलं, मग तिने तोंडावर पदर धरला. दादा हसला नाही. किती तरी वेळ पप्पांच्या हाताकडे बघत बसला. मग उठून खाली गेला. आला तेव्हा पुढे काका आणि त्यांच्यामागे पट घेऊन दादा.

“हा म्हणाला, ‘मी पाळक आहे, मला चुकता येतं,’” काका म्हणाले. “मी म्हटलं, आमच्यात चुका कबूल करायला चर्चमध्ये वेगळी खुर्ची ठेवलेली असते.”

मी जिंकले होते. ताटं मांडायला घेतली आणि तेव्हा लक्षात आलं.

फोनवरची टकटक!

डिसेंबरपासूनचा एकेक पत्ता. ‘बरं, सांगतो’ असं मी समजत होते. समुद्राचा तळ आणि मालाची लिफ्ट त्यांना सारखीच होती. चाचणी मीच घेतली. निकाल दादाला लावायचा आणि मला नाही, असं चालत नाही.

११ फेब्रुवारी

फोन केला नाही. काम बिनचूक झालं. खड्ड्यातून दोनदा वर येऊन स्विच बंद आहे ना ते पाहिलं. एरवी एकदाच पाहते.

१४ फेब्रुवारी

वहिनी म्हणाली, “तू फोन करत नाहीस, तर हे सकाळभर फोनकडे बघत असतात.” फोन खिडकीशी आहे. खिडकीकडेही बघत असतील. यातून काहीच सिद्ध होत नाही.

आज केला. पत्ता सांगितला. टकटक झाली. ती कशात धरायची ते माहीत नाही. उतरले.

२० फेब्रुवारी

पप्पांना ताप. छातीत कफ.

दादा उशाशी मोठ्याने प्रार्थना करत होता, काका पायथ्याशी ओठांतल्या ओठांत. एकाने सरळ मागितलं, दुसऱ्याने चार जण बरोबर घेऊन. मागणं एकच होतं. दादाने ‘आमेन’ म्हटलं आणि काकांचं संपेपर्यंत डोळे मिटून थांबला.

मी वाफेचं भांडं धरून उभी होते. मी काही मागितलं नाही. पत्त्याशिवाय मला सुरुवात करता येत नाही.

२ मार्च

पप्पा गेले.

४ मार्च

दफन झालं. काका सर्वांत मागे उभे होते. वरच्या खिशातून दोन मेणबत्त्यांची टोकं दिसत होती. पेटवल्या नाहीत. दादाने त्यांना हात धरून पुढे आणलं.

घरी आल्यावर मला म्हणाले, “आता तो मला वरून मात देणार. चूक कोणाची हे त्याला आधी कळलं.”

१२ मार्च

कामावर रुजू. रुग्णालयाची जुनी लिफ्ट, आठ मजले, ब्रेक सुटत नाही. खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहून हे सगळं मोठ्याने सांगितलं, पत्त्यासकट. जरा थांबले. मग उतरले.

फोन वर पिशवीत होता.