हँडलातली टकटक

पडेगाव,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा यांस,
सुलेखाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र. मी नवी सायकल घेतली. मी तिच्यावर बसलेला फोटो सोबत आहे. तुमच्या खुलताबादच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात चाळीस वर्षं यायची तसली लोखंडी धुडं नव्हे. रोड बाईक म्हणतात हिला, एका हातानं उचलते. ३० तारखेच्या रविवारी आमचा बारा जणांचा गट दौलताबादचा घाट चढून तुमच्याकडं येणार आणि तसाच उतरून परत जाणार.

तक्रार एवढीच, की तासाभरात गुडघा ठणकतो आणि हातांना मुंग्या येतात. जिथून सायकल घेतली त्या दुकानाचे मालक इंद्रजीत म्हणतात, सवय होईल. त्यांनी माझी मापं कॉम्प्युटरवर घेतली आहेत, म्हणजे चूक असणं शक्य नाही. तुम्हाला यातलं काही कळायचं नाही म्हणा. पण आई गेल्यावर कौतुक सांगायला दुसरं आहे कोण?

तब्येत सांभाळा. माया आहे तेवढी राहू द्या.
आपली भाची,
सुलेखा

खुलताबाद,
दि. ७ नोव्हेंबर

आयु. सुलेखास,
कडुबामामाचा जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

फोटो पाहिला. शेजारच्या गीताबाईला दाखवला. तिनं माझ्या वहीत लिहून विचारलं, उरलेली सायकल कधी येणार हाय? स्टँड नाय, कॅरिअर नाय, मडगार्ड नाय. हँडल बोकडाच्या शिंगावानी, अन् सीट असं की त्याच्यावर भाजी चिरावी. एवढं काढून घेतल्यावर गाडी हलकी व्हणारच. तुझा इंद्रजीत लई हुशार.

गुडघ्याला सवय व्हत नसती, गुडघा जातो. कॉम्प्युटरला गुडघे नसत्यात. भिंतीला टेकून सीटवर बस, टाच पेडलवर ठेव, पेडल पार खाली ने. पाय सरळ व्हायला पाहिजे. फोटोत तर तू मोरीवर कपडे धुवायला बसल्यावानी दिसतीस. सीट बोटभर वर घे. बोटभर म्हणजे बोटभर, वीतभर नाय. दोन दिवस चालव. मग सीटचं नाक बघ. ते खाली झुकलं असंल, म्हणून सगळा भार हातावर येतो. ते सपाट कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नायतर कशानं गुण आला ते कळत नसतं.

आणखी एक. पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडलात टकटक व्हती का? लगोलग कळव.

राग मानू नको. मानलास तरी पत्र टाक.
तुझा मामा,
कडुबा

पडेगाव,
दि. १२ नोव्हेंबर

आदरणीय मामा यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

सीट वर घेतली, नाक सपाट केलं. गुडघा थांबला, मुंग्या गेल्या. हे लिहिताना मला फारसा आनंद होत नाहीये.

टकटक होते. इंद्रजीतना विचारलं. माझे मामा सायकल मिस्त्री होते असं सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, जुन्या मिस्त्रींना प्रत्येक आवाजात भूत दिसतं. नवी गाडी आहे, आपोआप बसेल. वरचा बोल्ट तेवढा कसून दिला. दुकानातले सगळे हसले. खोटं कशाला लिहू, मीही हसले. टकटक अजून आहे, पण गाडी झकास पळते. घाट उतरताना ताशी पन्नासचा वेग गाठायचं मी ठरवलंय.

गीताबाईंना माझा जय भीम. लोभ कमी होऊ देऊ नका.
आपली,
सुलेखा

खुलताबाद,
दि. १९ नोव्हेंबर

सुलेखा,

तुझं हसू पोचलं. आता गपगुमान वाच.

वरचा बोल्ट नुसता कसून काय व्हत नसतं. पुढचा ब्रेक दाबून धर. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी फ्रेममधी शिरती त्या सांध्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेव. गाडी पुढं-मागं हालव. बोटाला हिसका लागला तर सांधा ढिला हाय. हँडलाच्या बाजूचे दोन बोल्ट आधी सैल करायचे, मग वरचा जरा-जरा आवळायचा. हिसका गेला की थांबायचं अन् बाजूचे पक्के कसायचे. तुझ्या मालकाला बाजूचे सैल करायचे हेच ठाऊक नाय. त्याला फुगे विकायला बसवा.

एवढं करूनही हिसका राहिला तर उतार उतरायचा नाय. गीताबाईला फोन करायला सांगितलंय, पण ती नुसतं मामा रागावलेत एवढंच सांगंल. तिच्या भरवशावर राहू नको.

कडुबा

पडेगाव,
दि. २४ नोव्हेंबर

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम. वि. वि.

बोट ठेवलं. हिसका लागला. तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं, तरी लागतच राहिला. म्हणून सायकल हातानं ढकलत शहरातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडं, बुद्धभूषणकडं नेली. त्यानं सांधा उघडला. आतली खालची बेअरिंगची, म्हणजे छर्ऱ्यांची, कडी उलटी बसवली होती आणि तिला तडा गेला होता. तो म्हणाला, ताई, घाटात जोरात ब्रेक दाबला असता तर हँडल हाताबाहेर गेलं असतं.

हे तपासायला कोणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. तुमचं नाव घेतलं तर तो म्हणाला, कानानं ऐकू न येणारे, सारखे खेकसणारे? तेच ना? मामा, १७ तारखेला तुम्ही त्याच्याकडं चार तास बसला होतात. या नव्या गाड्यांचा सांधा आपल्याला माहीत नाही, असं सांगून तीन वेळा उघडून दाखवायला लावलात, एकेक गोष्ट वहीत लिहून घेतलीत आणि वर त्याच्या हत्यारांना खेळणी म्हणालात.

इंद्रजीतना मी ती कडी सगळ्या गटासमोर दाखवली. कुणीच हसलं नाही. ३० तारखेला त्या गटासोबत मी आता येणार नाही.

पण तुमची बस माझ्या गल्लीसमोरून जाते. उतरला का नाहीत? मी हसले म्हणून? चुकले मी. दूर लोटू नका.
आपली,
सुलेखा

खुलताबाद,
दि. २८ नोव्हेंबर

आयु. सुलेखास,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या हसण्याचा राग नव्हता. नवी गाडी हाय, आपोआप बसंल, हे इंद्रजीतचं बोलणं वाचलं अन् मला घाम फुटला. ते बोलणं माझं हाय. एकोणनव्वद साली फकिरा नावाच्या गावातल्याच माणसानं माझ्याकडून नवी सायकल जोडून घेतली. आठ दिवसांनी आला, म्हणाला, मिस्त्री, हँडल टकटक करतंय. दुकानात चार माणसं व्हती. मी हसलो अन् हेच बोललो. ते चौघं बी हसले. घाटात त्याचा चिमटा निखळला. उजवा डोळा गेला. मी गावभर सांगितलं की तो पिऊन चालवत व्हता. तो दारूला शिवतही नव्हता.

मग तुझ्या दारात बसून मी कोणत्या तोंडानं इंद्रजीतला नावं ठेवली असती? म्हणून उतरलो नाय. माझ्यावानी हलका माणूस या गावात दुसरा नाय. छत्तीस वर्षं मी फकिराच्या गल्लीतून गेलो नव्हतो.

काल गेलो. ओट्यावर बसला व्हता. मी सगळं सांगितलं, दारूचं पण. तो लई वेळ बोलला, हातवारे करून बोलला. मला एक अक्षर ऐकू आलं नाय. वही पुढं केली तर त्यानं मान हालवली. लिहिता येत नाय त्याला. मग आतून चहा आला. दोघांनी पिला अन् मी उठून आलो. त्यानं शिव्या दिल्या का माफ केलं, मला ठाऊक नाय.

गीताबाईला नेता येत नाय, ती गावभर करंल. तू ये. बसनं ये नायतर त्या सांगाड्यावर ये. त्याच्याजवळ बस, नीट ऐक अन् तो म्हणंल तसं मला वहीत लिहून दे. शिवी असली तरी गाळू नको.

हे वाचूनही मामा म्हणावंसं वाटलं, तर वाट बघतो.
कडुबा