सुपासारखा उतार

आबा, ओढ्याकाठची वाट पास झाली. सरकारचे साहेब गेल्या आठवड्यात बघून गेले, आज सकाळी मंजुरी आली. आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झालीत हे आठवायला चहाचा एक घोट जावा लागला.

मी कुठं आहे ते तुम्हाला माहीत नाही. ताईनं आईला अमेरिकेत बोलावलं, आईच्या मागून काही वर्षांनी मी आलो. ताई सनीव्हेलला चिपच्या कंपनीत आहे. तिच्या सोफ्यावर झोपून मी चार नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. दुकानात डाळीतांदळाची पोती उतरवली, हॉटेलात भांडी घासली, आणखी काय काय. आई म्हणायची, "ह्याच्या पायाला भिंगरी आहे, ह्याला बसायची नोकरी देऊच नका." आता मी तिथून चार तासांवर डोंगरात असतो. तुम्ही हसाल आबा, पण इथं माणसं मुद्दाम खराब वाटेवर गाडी घालतात. चांगला हायवे सोडून मोटारसायकली आणि जीपा घेऊन दगडधोंड्यांत जातात, हौस म्हणून. त्या गाड्यांवर सरकार वेगळी फी घेतं आणि त्याच पैशातून त्या वाटा दुरुस्त होतात. कुणी पडलं तर त्याला खाली आणायची जीप त्यातूनच, पोरांना हेल्मेट घालून गाडी शिकवायची ती त्यातूनच, आणि बाजूचं रान, पाणी राखायचं तेही त्यातूनच. त्या वाटांवर फावडं मारणाऱ्या टोळीत मी आहे. गणपतीत ताईकडं आलेल्या एका काकूंनी विचारलं, "तू कुठल्या कंपनीत रे?" म्हटलं, "काकू, मी रस्ते करतो." "म्हणजे सिव्हिल?" "नाही, फावडं." काकू वळून ताईशी बोलायला लागल्या. त्यांचा इथंच जन्मलेला मुलगा मात्र म्हणाला, "ड्यूड, दॅट्स सो कूल," आणि मला जेवण संपेपर्यंत सोडेना.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? मी चौदा वर्षांचा आहे. तुम्ही बांधकाम खात्यात मैलकुली, घाटातले सहा किलोमीटर तुमच्या वाटणीचे. गटार काढायचं, खड्डा भरायचा, दरड आली तर दगड बाजूला करायचे. वळणावरच्या साइडपट्टीवर तुम्ही आदल्या दिवशी मुरूम टाकलाय, रात्री सर पडून गेलीय, आणि मी मित्राच्या भावाची मोटारसायकल त्या ओल्या मुरमातून नेतो, का, तर मागं चिखल उडतो म्हणून. दोन दिवसांनी पुन्हा पाऊस आला आणि माझ्या चाकाच्या घळीतून पाणी धावलं, निम्मी साइडपट्टी घेऊन दरीत गेलं. तुम्ही मारलं नाही. माझ्या हातात घमेलं दिलंत आणि म्हणालात, "गाडी गेली निघून. चाकोरी हितंच ऱ्हायली. आता पानी तुज्या चाकोरीतनं चालनार. त्याला कोन सांगनार, ही पोराची गंमत हुती म्हून?" दोन दिवस मी मुरूम वाहिला. तिसऱ्या दिवशी तुम्ही उतार द्यायला शिकवलंत. "आईचं सूप बघितलंस न्हवं? मागं उंच, कडंला पसरट. दाना आपसूक कडंला येतो. तसं पानी आलं पायजे." मग तुम्ही कळशीभर पाणी वर ओतलंत आणि उकिडवे बसून बघत राहिलात, पाणी रस्ता कुठं सोडतं ते. तेवढ्यात शाळेची एस.टी. वळणावरून आली. खिडकीत माझ्या वर्गातली पोरं. मी दरीकडं तोंड फिरवलं. वर्गात वडील काय करतात असं विचारलं की मी 'सरकारी नोकरीत' म्हणायचो. खोटं नव्हतं ते.

आता ह्या वाटेचं ऐका. दोन हिवाळ्यांपूर्वी हिच्यात गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि सगळा गाळ ओढ्यात गेला. इथं पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि त्याच वेळी बेडूक अंडी घालतात. ओढ्याच्या पलीकडं एक म्हातारे रिटायर्ड मास्तर राहतात. प्रत्येक पावसात काचेच्या बाटलीत ओढ्याचं पाणी भरतात आणि तारीख लिहून फळीवर ठेवतात. लोकांचं म्हणणं ऐकायला सभा झाली तेव्हा ते चहाच्या रंगाच्या सहा बाटल्या घेऊन उभे राहिले. म्हणाले, "हे तुम्ही आमच्याच पैशानं करताय. वाट बंद करा." त्यांचं चुकलं नव्हतं. साहेबांनी एक हिवाळा दिला. पाणी गढूळ दिसलं तर वाट बंद, पैसे बंद, आणि आमची टोळी घरी. टोळीतल्या बाकीच्यांना दुसरं काही जमतं, मला ताईचा सोफा. मी न सोडलेली ही पहिली नोकरी, आणि आता तीच मला सोडायला निघाली होती.

पहिल्यांदा आम्ही मशीननं आडवे उंचवटे घातले, पाणी अडावं म्हणून. गाडीवाल्यांना उड्या मारायला आयतीच सोय झाली. उडी मारून जिथं पडायचे तिथं खड्डा, खड्ड्यात पाणी, आणि एकाच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याला खाली न्यायला मीच स्ट्रेचर धरलं, आणि त्याच्या गाडीनं पाडलेली घळ बघताना मला तुमचं बोलणं ऐकू आलं. आमच्या बॉस म्हणजे साठीच्या बाई, तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायच्या, सगळ्यांना 'किड' म्हणतात. त्यांना म्हटलं, "हे काढून लांब, पसरट उतार देऊ. गाडी उडणार नाही, पाणी कडेला जाईल." त्या म्हणाल्या, "ड्रॉइंग दाखव, किड." ड्रॉइंग मला कुठलं येतंय? शनिवारी सनीव्हेलला जाऊन आईनं गावाहून बॅगेतून आणलेलं सूप उचललं. आई ओरडली, "अरे, त्यात माती लावशील!" बाईंच्या ट्रकच्या बॉनेटवर सूप तिरकं धरलं आणि मूठभर तांदूळ सोडले. बाई तांदूळ कडेला येताना बघत राहिल्या. म्हणाल्या, "एक करून दाखव." आम्ही उन्हाळाभर सतरा केले. लोक बाजूनं नवी वाट पाडतात तिथं तुम्ही बाभळीच्या फांद्या टाकायचात, मी पडलेली झाडं आडवी टाकली. गाडीवाले कुरकुरले, पण वाटेनंच गेले.

साहेब आले ते दोन दिवसांच्या पावसानंतर. मास्तर बाटली घेऊन आधीच उभे. त्यांनी ओढ्याचं पाणी भरलं, उजेडाला धरलं, आणि बाटलीच्या आरपार मला त्यांची बोटं दिसली. इतकं नितळ. मी डबाभर पाणी शेवटच्या उताराच्या डोक्याशी ओतलं आणि सवयीनं उकिडवा बसलो. साहेब बसले. मास्तरही गुडघे धरत बसले. आम्ही तिघं त्या पाण्याकडं असे बघत होतो आबा, की तुम्ही असता तर तुम्हाला चौथी जागा करून दिली असती. पाणी कडेला आलं, पाइनच्या पाल्यात शिरलं आणि जिरलं. मास्तर म्हणाले, "मी तुमच्या विरोधात बोललो होतो. गढूळ दिसलं तर पुन्हा बोलेन." मी मराठीतच म्हणालो, "बोला काका, बोललंच पाहिजे." त्यांना काय कळलं कोण जाणे, पाठीवर हात ठेवला. साहेबांनी विचारलं, "हे कुठं शिकलास?" आणि मी छाती काढून म्हणालो, "माझ्या वडलांकडून. ते रोड इंजिनीयर होते."

कुणी विचारलं नसतं तरी सांगितलं असतं, इतका अभिमान वाटत होता. मग तुमचं खरं काम का नाही आलं तोंडात? इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणावं, तर 'रोड वर्कर' येत होतं; लाज वाटली म्हणावं, तर 'फावडं' मी काकूंना बिनधास्त सांगितलं होतं. ते माझं फावडं होतं. आजच्या मंजुरीच्या कागदावर साहेबांनी खाली एक ओळ लिहिलीय, की ही पद्धत कामगाराच्या वडिलांची, जे रोड इंजिनीयर होते. बाईंना सांगून ती दुरुस्त करून घेता येईल. उद्या सांगेन. तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठं जायचा नाही, म्हणूनच एवढं लिहवतंय.

सकाळी ती ओळ आईला फोनवर मराठीत करून सांगितली, 'रोड इंजिनीयर' तेवढं गाळून. आईनं ती मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "मैलकुली होते, असं सांगितलंस ना रे त्यांना?"

मी हो म्हणालो, आबा.