लिफ्ट विश्रांती घेत आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून पॉझिटिव्ह. शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की मी फोन उचलून 'हॅलो' म्हटलं की समोरच्याला घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. मनाला लागलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत बारा वर्षं तक्रारी लिहून घेतोय. दिवसभर कानावर बंद, अडकली, दार लागत नाही. माणूस हसरा राहणार कसा? पण आता सबबी सांगायच्या नाहीत.
निश्चय: रोज आरशात बघून दोन मिनिटं हसणे. रोज एक सुविचार, स्वतः रचलेला. नकारात्मक शब्द तोंडात नाही, कागदावर तर नाहीच.
६.२५. हसलो. हिने बाहेरून विचारलं, दाढ दुखतेय का.

४ मार्च, मंगळवार
सुविचार: 'जो थांबला, तो उंचीचा विचार करतोय.' ऑफिसच्या फळ्यावर लिहिला. स्पॅनरने (आमचा मेकॅनिक, खरं नाव फक्त हजेरीपटावर) दोनदा वाचला आणि चहाला निघून गेला. मोठा विचार पोचायला वेळ लागतो.
तक्रार रजिस्टरची भाषा बदलली. 'लिफ्ट बंद' नाही, 'लिफ्ट विश्रांती घेत आहे'. 'दार अडकतं' नाही, 'दार विचारपूर्वक उघडतं'. स्पॅनर रोज सकाळी रजिस्टर वाचून कामाला निघतो. त्याचीही सकाळ प्रसन्न जायला हवी.

६ मार्च, गुरुवार. दुपारी
हिचा फोन. तिच्या वडिलांच्या बिल्डिंगची लिफ्ट काल रात्रीपासून बंद (शब्द तिचा). सासरे सहाव्या मजल्यावर एकटे राहतात, दोन्ही गुडघे गेलेले. आणि वीस तारखेला डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू पिकलाय, समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली दिसते. तारीख मिळायला चार महिने लागले होते. त्या लिफ्टची देखभाल आमच्याच कंपनीकडे, म्हणून ही निर्धास्त. तुम्हीच लिहून घ्या म्हणाली.
घेतलं. घरचं काम, म्हणून खास शब्दांत: 'सहाव्या मजल्यापर्यंतच्या रहिवाशांना चालण्याची उत्तम संधी.'

१० मार्च, सोमवार
आभारांची यादी करायला बसलो. पंखा. पेन. खिडकी. पुढे सुचेना. उठून फेऱ्या मारल्या, परत बसलो, परत उठलो. मन फार उत्साही झालंय, एका जागी राहत नाही.
हिने विचारलं, लिफ्टचं काय? म्हटलं, प्रक्रियेत आहे. तिने विचारलं, म्हणजे काय? मी हसलो. ती म्हणाली, तसं हसू नका.

१३ मार्च, गुरुवार
साहेब खूश. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये तक्रारी शून्य. बारा वर्षांत पहिल्यांदा. फोन मात्र दुप्पट आले आणि काही मंडळी फारच मोकळेपणाने बोलली. सासऱ्यांच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने तर माझ्या बुद्धीचा उल्लेख केला. त्यांना सुविचार ऐकवला: 'उंची पायांनी नाही, मनाने गाठायची.' फोन कट झाला. लाइन खराब असावी.
संध्याकाळी हिने स्पष्ट विचारलं, रजिस्टरमध्ये नीट लिहिलंय ना? म्हटलं, माझ्यापेक्षा नीट कोण लिहिणार.

१७ मार्च, सोमवार
झोप नीट नाही. डावीकडून उठायचं की उजवीकडून, हाही एक चॉइस असतो. त्यावर वीस मिनिटं गेली. स्पॅनरला सासऱ्यांच्या लिफ्टबद्दल सरळ विचारावं असं तीनदा मनात आलं. पण आठवण करून देणं म्हणजे अविश्वास दाखवणं. तिन्ही वेळा उठलो, पाणी पिऊन परत बसलो.

२० मार्च, गुरुवार. रात्री ८
ऑपरेशन सकाळी दहाला होतं. साडेआठला पोचलो. लिफ्ट तशीच.
शेजाऱ्यांनी सुचवलं, खुर्चीत बसवून खाली नेऊ. पुढचे पाय मी धरले. सासऱ्यांना धीर यावा म्हणून प्रत्येक पायरीला एक प्रेरणादायी वाक्य म्हणत होतो. शेजारी म्हणाले, तोंड बंद ठेवलंत तर हात घट्ट राहतील. पाचव्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. सासऱ्यांना घेरी आली. खुर्ची सोडवून त्यांना परत वर नेईपर्यंत साडेदहा. हॉस्पिटलने नवी तारीख दिली, सात आठवड्यांनंतरची.
तरी एक मजला उतरलो होतो. सहातला एक म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. हे हिला सांगितलं. सांगायला नको होतं.

२१ मार्च, शुक्रवार
ही तिकडेच राहिली. स्पॅनरला शेवटी विचारलं. त्याने रजिस्टर काढून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, यात तक्रार कुठेय ते दाखवा. त्याला वाटलं, बिल्डिंगवाल्यांनी व्यायामासाठी काही उपक्रम काढलाय. स्पॅनरचं वाचन कमी आहे.
दुपारी मात्र लगेच गेला. दाराचं लॉक पार झिजलंय. पार्ट मागवावा लागेल, दहा-बारा दिवस. सहा तारखेला मागवला असता तर वीसच्या आत बसला असता, असं तो बोलता बोलता म्हणाला.

२५ मार्च, मंगळवार
हिला फोन. लिफ्ट चालू झाली की येते म्हणाली. पुढे मी काहीतरी पॉझिटिव्ह बोलणार होतो. तिने ठेवला.
घरात फार शांत आहे. शांततेचे फायदे लिहायला घेतले. एकही लिहिला नाही.

३० मार्च, रविवार
सकाळपासून फेऱ्या. अकराला निघालो, हिला घेऊनच यायचं ठरवून. जिना चढताना काय बोलायचं ते जुळवत होतो: झालं ते चांगल्यासाठी, डोळे काय आज नाही तर उद्या. चौथ्या मजल्यावर वाक्यं संपली, पाचव्यावर दम. बेल दाबली.
दार सासऱ्यांनी उघडलं. ही औषधाच्या दुकानात गेली होती. माझ्या खांद्याच्या दिशेने बघत त्यांनी विचारलं, लिफ्टचे ना तुम्ही? धाप लागल्याने माझा आवाज ओळखू येण्यासारखा नव्हता. कसंबसं हो म्हटलं. तसं ते खोटंही नव्हतं.
बसा म्हणाले. सहा मजले चढून आलात म्हणून पाणी आणलं. ग्लास किती भरला ते कळावं म्हणून त्यात बोट धरून ओतलं. मग समोर बसून सांगू लागले. मुलगी चिडलीय, खालची मंडळी चिडलीत, पण मी सगळ्यांना सांगतो, जरा धीर धरा. आमचे जावई त्याच ऑफिसात आहेत. ते असताना आपलं काम अडायचं नाही. माझ्यासाठी खुर्ची उचलायला स्वतः आले होते.
मला लाज वाटली. ग्लास हातात तसाच राहिला.
त्यांनी विचारलं, तुमच्याच ऑफिसात आहेत ते, ओळखत असाल ना?
चेहऱ्याने ओळखतो, असं पुटपुटलो. पार्ट आला की येतो असं सांगून उठलो, आणि ही जिन्यात भेटायच्या आत भराभर खाली उतरलो.