पुस्तिकेत नसलेलं पान

शनिवार, चौदा तारीख
दुपारचे सव्वातीन

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. हाताशी फोन असताना ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटणारच. लिहावंसं वाटलं, लिहिलं. आम्ही सगळे मजेत. भावोजींचा गुडघा कसा आहे? शाळेच्या परीक्षा आटोपल्या, की मुख्याध्यापिकाबाईंना अजून मान वर करायला फुरसत नाही?

चिमणीला आमच्याकडे येऊन परवा पाच महिने झाले. पुढचा एक दात पडलाय. मी शिवायला बसले की बटणांचा डबा घेऊन शेजारी ठाण मांडते. मला ‘अगं आई’ म्हणते, ‘अगं’सकट. कुठून उचललं कोण जाणे.

दत्तक पालकांसाठी संस्थेने दिलेली ती पिवळी पुस्तिका तुला दाखवली होती ना? मुलाखतीआधी आम्ही दोघांनी ती परीक्षेसारखी घोकली. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं तरी उत्तरं शब्दाला शब्द जुळली, आणि संस्थेच्या बाई खूश झाल्या. ह्यांना तर अजून तोंडपाठ आहे. मागच्या भेटीला बाई आल्या तेव्हा चिमणी सोफ्याच्या मागून बाहेरच येईना. हे हसून म्हणाले, “पान बारा, बाई. नवीन घरात मुलं लपतात.” गादी ओली करते? पान एकोणीस. दार वाजलं की गप्प होते? पान एकवीस, आधीच्या घरातल्या आठवणी. बाईंनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि जाताना मला म्हणाल्या, “नशीब काढलंत हो, असा नवरा मिळाला.” चष्म्याच्या दुकानातही ह्यांचं असंच कौतुक. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम किती हळुवार बसवतात.

आता एक सांगते. समोरच्या कारखान्याचा पावणेसहाचा भोंगा झाला की चिमणी खेळ टाकून उठते. टेबलावरचे काचेचे पेले एकेक करून खालच्या कपाटात ठेवते. माझी कात्री डब्यात. रेडिओ बंद. मग माझ्याजवळ येऊन हळूच सांगते, “अगं आई, आज तू काही बोलू नकोस हं.” सहाला ह्यांची किल्ली दारात फिरते.

मी पुस्तिका दोनदा चाळली. पेल्यांचं पान नाही. मग स्वतःची समजूत घातली, हेही एकवीसच, आधीच्या घरातून शिकून आली असेल. काल कोर्टात द्यायच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना तिची फाइल पहिल्यांदा नीट वाचली. अकरा दिवसांची असल्यापासून ती संस्थेत होती, ताई, आणि पान एकवीस टिपून घेताना बाईंच्याही ते ध्यानात आलं नाही. तिला आधीचं घरच नाही.

ती हे इथे शिकली. मला शिकायला नऊ वर्षं लागली, आणि तरी पेले उचलून ठेवायचं मला कधी सुचलं नाही.

तुला माहीत आहे. माझं मनगट बघून तू विचारलंस, मी जिन्यावरून पडले म्हटलं, आणि तू पटल्यासारखं दाखवलंस. पुढे शिफारसपत्रावर सही केलीस, ‘घरातलं वातावरण शांत आहे’ म्हणून. मीच तुझ्या मागे लागले होते. मूल आलं की हे निवळतील असं मला खरंच वाटलं होतं. तुझ्यावर राग नाही. माझा मला इतका येतो की धड शिवलेलंही उसवत बसते.

चिमणीला त्यांनी अजून हात लावलेला नाही. बुधवारी तिच्या हातून दूध सांडलं. हे नुसते तिच्याकडे बघत राहिले. मग उठून खिडकी लावून घेतली. ताई, माझ्या वेळी आधी खिडकीच लागते. मी मध्ये जाऊन उभी राहिले, म्हणून त्या दिवशी निभावलं.

पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता बाई तुला फोन करतील. कोर्टाआधीची ही शेवटची चौकशी. एकदा हुकूम निघाला की मग आमच्या घरात कोणी डोकावणार नाही. ह्यांनी मला बजावलंय, ताईला फोन करून सांग, ठरलंय तसंच बोल. गुरुवारी मी ह्यांच्यासमोर तुला तो फोन करणार आहे. मी जे बोलेन त्याला ‘बरं’ म्हण आणि त्यातलं काही करू नकोस.

बाईंना खरं सांग. मनगट, सही, खिडकी, सगळं. संस्थेचे लोक तिला घेऊन जातील. कदाचित मला पुन्हा भेटूही देणार नाहीत, खोटी उत्तरं मीही दिली ना. तूच का सांगत नाहीस, असं विचारशील. माझा फोन हे रोज बघतात, हे एक. पण ते निमित्त झालं. मला शिवणकाम देणाऱ्या शिंपीणबाईंच्या फोनवरून मी तीनदा बाईंचा नंबर फिरवला आणि तीनदा कापला. मला तिला सोडवत नाही, ताई. माझ्या हातून होणार नाही, म्हणून तुझ्यावर टाकते.

हे पत्र शिंपीणबाई पेटीत टाकतील. उत्तर पाठवू नकोस.

तुझी धाकटी,
आणि शुक्रवारपर्यंत चिमणीची आई