फॉल म्हणजे नुसतं पडणं नव्हे

९ सप्टेंबर १९८२, मुरुड

सांगून टाकलं! ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय म्हणून. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांत कारकून घेतायत. टायपिंग येतं मला. मॅट्रिकचं इंग्रजी तेवढं राहिलंय — लग्नाच्या साली नापास झाले ते तसंच. हे म्हणाले, "कापडाच्या दुकानदाराच्या बायकोला इंग्रजी कशाला पायजे?" अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, उठून आत गेल्या. त्याचीच जास्त भीती.

१४ सप्टेंबर

पाऊस नाहीच. हापशाला पाणी येईना. घागरी रांगेत आणि मी पुस्तक घेऊन उभी. बाया हसल्या. हसू देत!

२१ सप्टेंबर

शेजारच्या सिंधुबाई शाळेत इंग्रजी शिकवतात. आज 'फॉल' घेऊन बसल्या. मला वाटलं, पडणे — झालं! कुठलं काय. झोप लागली तरी फॉल, भाव उतरले तरी फॉल, सण रविवारी आला तरी फॉलच! कुणाशी बिनसलं तर 'फॉल आउट', कुणावर भुललं तर 'फॉल फॉर'. डोकं भणभणलं.

अव्वा ज्वारी निवडत होत्या. "फॉल? साडीचा?"

"तो बी. पण दुसरे लई अर्थ हायत."

"मंग मागं तू झालीस ती फॉल का?"

"ते फेल, अव्वा!"

खुदकन हसल्या. म्हणाल्या, "इंग्रजांकडं बी शब्दांचा दुष्काळच हाय म्हणायचा. एकाच बैलाला सगळ्या कामाला जुंपलंय."

मी म्हणाले, आपलं तरी काय वेगळं? स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, आजारी पडतो, दुष्काळ पडतो. मग दोघी आठवतच बसलो. उपयोगी पडणं. महाग पडणं. तोंडघशी पडणं. शेवटी अव्वांनी एक काढलं — "सून पसंत पडली." आणि सूप उचलून आत गेल्या.

सात वर्षांत पहिल्यांदा!

२ ऑक्टोबर

टँकर आला नाही. अव्वा म्हणाल्या, "पाण्याचं मी बघते. तू वाच."

१९ ऑक्टोबर

पेपर झाला. लातूरला अव्वा सोबत आल्या, दिवसभर शाळेच्या कडुलिंबाखाली बसून राहिल्या. उताऱ्यात दोन बहिणी 'फॉल आउट' होतात. बाहेर आल्यावर एक पोरगी म्हणाली, "त्या कुठनं पडल्या तेच कळलं नाही." मला कळलं होतं! पडल्या नव्हत्याच त्या — भांडल्या होत्या!

अव्वांनी फाटकातच विचारलं, "पडलीस का उभी हाईस?"

"उभी!"

२८ डिसेंबर

पास!! इंग्रजीत पास! यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. आतून ऐकलं मी — "आमच्या घरातनं मॅट्रिक झाल्या." आवाज केवढा मोठा! माझ्याशी मात्र कामापुरते दोन शब्द बोलले. असू दे. ऐकलं मी.

११ फेब्रुवारी १९८३

कारकून म्हणून नेमणूक झाली! पण उदगीरला. पेढे वाटणाऱ्या यांचं तोंड उतरलं. "लातूर असतं तर बघितलं असतं. एकटी बाई परगावी? न्हाई जमायचं."

मी म्हणाले, "मी जाणार."

हे अव्वांकडं बघायला लागले. अव्वा शांतपणे विभूती लावत होत्या.

"एकटी कशानं? मी हाय की संगं. तू दुकान बघ, शिवमूर्ती. आणि भाकरी थापायला शीक."

यांनी माळ्यावरची ट्रंक काढून दिली. धूळसुद्धा पुसली.

१ मार्च, उदगीर

खोली मिळाली. मालकानं अव्वांना विचारलं, "घरचा कर्ता कोण?" अव्वांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.